सुई, शरीर आणि सिद्धता : ॲक्युपंक्चरच्या शारीरक्रियात्मक संशोधनाचे चिकित्सक परीक्षण

प्रस्तावना

ॲक्युपंक्चरविषयी मराठीत जे लेखन माझ्या वाचनात आले त्यातील बरेचसे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या नावापासून सुरू होते. कोल्हापूरकरांना कोटणीस प्रथम भेटतात ते पडद्यावर. याच शहरात जन्मलेल्या व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि कोटणीसांची भूमिकाही स्वतःच केली. त्यामुळे भारतीय डॉक्टर, चीन आणि चिनी वैद्यक या तीन गोष्टी आपल्या मनात एकत्र गुंफल्या गेल्या असल्या तर ते स्वाभाविक आहे. मात्र कोटणीसांनी भारतात ॲक्युपंक्चर आणले, हे विधान इतिहासाला धरून नाही. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते : पथकप्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. कोटणीस, आणि बंगालमधील डॉ. बसू व डॉ. मुखर्जी. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कोटणीस शल्यविशारद होते. युद्धभूमीवर त्यांनी जे केले ते पाश्चात्त्य पद्धतीच्या शस्त्रक्रियेचे काम होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे चीनमध्येच निधन झाले. ॲक्युपंक्चर भारतात रुजविले ते त्यांचे सहकारी डॉ. बिजय कुमार बसू यांनी. ते १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले, तेथे ही पद्धती शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात तिचा वापर करू लागले. पुढे ॲक्युपंक्चरच्या संस्थांना कोटणीसांचे नाव दिले गेले, त्यातून हा समज अधिकच पक्का झाला असावा.

हा तपशील आरंभीच नोंदविण्याचे कारण केवळ ऐतिहासिक नाही. एका आदरणीय नावाची पुण्याई एका उपचारपद्धतीच्या खात्यावर जमा होते, आणि मग त्या पद्धतीविषयी शंका घेणे म्हणजे त्या नावाचा अवमान, असे वातावरण तयार होते. विज्ञानाच्या बाबतीतही असेच घडते. ‘सुई टोचल्यावर मेंदूत एंडॉर्फिन स्रवते हे सिद्ध झाले आहे’ असे एक वाक्य उच्चारले की पद्धतीचा सगळा डोलारा सिद्ध झाल्यासारखा वाटतो. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांतील शारीरक्रियात्मक संशोधनाने नेमके काय सिद्ध केले, काय केले नाही, आणि या दोहोंतील अंतर आपल्या लेखनात कसे पुसले जाते, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भाषांतरातून आलेला गोंधळ

प्रयोगशाळेकडे वळण्यापूर्वी शब्दांकडे पाहणे आवश्यक आहे. मराठी पुस्तिकांतून ‘ची’ या चिनी संज्ञेचे भाषांतर ‘प्राण’ किंवा ‘प्राणऊर्जा’ असे, तर ‘जिंगल्वो’चे भाषांतर ‘नाडी’ असे सर्रास केले जाते. वाचकाला दोन्ही शब्द ओळखीचे असल्याने त्याला पुढचे सगळे पटू लागते. पण हे भाषांतर थेट चिनीतून आलेले नाही. ते फ्रेंच व इंग्रजी वाटेने आले आहे. ‘ची’ला ‘ऊर्जा’ आणि ‘जिंगल्वो’ला ‘मेरिडियन’ म्हणण्याचा प्रघात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूलिए द मोराँ या फ्रेंच मुत्सद्द्याच्या लेखनातून पसरला. मूळ चिनी शब्दात वाफ, श्वास, हवा असे अनेक अर्थ आहेत. भौतिकशास्त्रातील ऊर्जेशी, म्हणजे जी मोजता येते आणि जिचा हिशेब द्यावा लागतो तिच्याशी, त्याचा संबंध नाही. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने ‘या ऊर्जेचे एकक कोणते?’ असे विचारले तर त्याला उद्धट ठरवू नये. शब्द त्याच्या घरातून उचलला आहे, तेव्हा विचारण्याचा अधिकार त्याचा आहेच.

याहून अधिक फसवे आहे ते मर्मांशी लावलेले नाते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मे वर्णिली आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केलेल्या नामावलीत ३६१ ॲक्युपंक्चर बिंदू आहेत. दोन्ही ‘शरीरावरील बिंदू’ म्हणून एक मूळचे आणि दुसरे त्याचे चिनी अपत्य, अशी मांडणी आवडीने केली जाते. पण सुश्रुताने मर्मांचे केलेले वर्गीकरण पाहावे : सद्यःप्राणहर, कालांतरप्राणहर, विशल्यघ्न, वैकल्यकर, रुजाकर. ही सगळी नावे तेथे इजा झाली असता काय अनर्थ होतो हे सांगणारी आहेत. मर्म हे शल्यवैद्याने शस्त्र चालविताना टाळावयाचे स्थान आहे, आणि ॲक्युपंक्चरचा बिंदू हे मुद्दाम सुई खुपसण्याचे. दोन्हींना एकच म्हणणे म्हणजे ‘धोका, खोल पाणी’ या पाटीला पोहण्याच्या जागेची खूण समजण्यासारखे आहे. स्वाभिमानासाठी इतिहासाची अशी ओढाताण करण्याची आपल्याला गरज नाही.

तसे पाहता चीनमध्येही ही परंपरा अखंड नव्हती. १८२२ मध्ये दाओग्वांग सम्राटाने शाही वैद्यकसंस्थेतून ॲक्युपंक्चर बंद केले होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर साम्यवादी राजवटीत तिचे पुनरुज्जीवन झाले, आणि तेव्हाही झू ल्यान यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचे स्पष्टीकरण चेतासंस्थेच्या उद्दीपन-अवरोधाच्या भाषेत केले होते. म्हणजे ‘ची’ऐवजी मज्जातंतूंवर बोट ठेवणारे पहिले लोक पाश्चात्त्य टीकाकार नव्हते. ते स्वतः सुई चालविणारे होते.

एका वार्ताहराचे आंत्रपुच्छ आणि त्यानंतर

पाश्चात्त्य विद्यापीठांचे लक्ष या विषयाकडे वेधले ते १९७१ मध्ये. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे ज्येष्ठ पत्रकार जेम्स रेस्टन यांचे बीजिंगमध्ये आंत्रपुच्छ काढावे लागले, आणि जुलै महिन्यात त्यांनी त्याविषयी लिहिले. या घटनेची आख्यायिका अशी पसरली की रेस्टन यांच्यावर केवळ सुयांच्या बधिरीकरणाने शस्त्रक्रिया झाली. स्वतः रेस्टन यांनी मात्र स्पष्ट नमूद केले आहे की शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांना नेहमीप्रमाणे इंजेक्शनने बधिर केले होते. दुसऱ्या रात्री पोटात अस्वस्थता जाणवली तेव्हा उजव्या कोपरात व गुडघ्यांखाली सुया टोचल्या गेल्या, आणि काही वेळाने आराम पडला. गोष्ट एवढीच. पुढील वर्षी राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि सुयांनी शस्त्रक्रिया होते ही वार्ता जगभर झाली. वाईट एवढेच वाटते की रेस्टन यांचा मूळ वृत्तान्त सर्वांना उपलब्ध असूनही आख्यायिकाच आजतागायत उद्धृत केली जाते.

या कुतूहलाला वैज्ञानिक आधार देण्यास एक सिद्धान्त तयारच होता. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये वेदनेचा ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धान्त मांडला होता. मज्जारज्जूत वेदनेचे संदेश वर जाण्यापूर्वी एक प्रकारचे द्वार असते आणि स्पर्श-दाबाच्या संवेदना ते अंशतः बंद करू शकतात, असे त्याचे सूत्र. ठेच लागल्यावर आपण बोट चोळतो त्याचे हे शास्त्रीय रूप होय. बीजिंगमध्ये हान जीशंग यांनी १९६५ पासूनच स्वयंसेवकांच्या त्वचेवरील वेदनेचा उंबरठा मोजण्यास प्रारंभ केला होता. त्यांना असे आढळले की हाताच्या ‘हगू’ बिंदूवर सुई टोचली असता हा उंबरठा हळूहळू, सुमारे अर्ध्या तासात वाढतो आणि सुई काढल्यावर हळूहळूच उतरतो. केवळ मज्जातंतूंचा खेळ असता तर परिणाम क्षणात झाला असता आणि क्षणात ओसरला असता. या मंदगतीने रासायनिक द्रव्याची शंका निर्माण केली. त्यांनी सुई टोचलेल्या सशाचे मस्तिष्क-मेरुद्रव काढून दुसऱ्या, सुई न टोचलेल्या सशाच्या मेंदूत सोडले, तेव्हा दुसऱ्याचाही वेदनेचा उंबरठा वाढला. या प्रयोगाच्या सोपेपणात मोठे सौंदर्य आहे, आणि विद्यार्थ्यांना प्रयोगरचना शिकविताना तो अवश्य सांगावा.

ते द्रव्य कोणते, हे १९७५ मध्ये ह्यूज व कॉस्टरलिट्झ यांनी मेंदूतील स्वनिर्मित अफूसदृश द्रव्ये शोधून काढल्यावर उलगडू लागले. अफूवर्गीय द्रव्यांची क्रिया रोखणारे नॅलॉक्सोन हे औषध हाताशी होतेच. १९७६ मध्ये पोमरान्झ आणि च्यू यांनी उंदरांवर, तर १९७७ मध्ये मेयर, प्राइस व रफी यांनी माणसांच्या दातांतील वेदनेवर प्रयोग करून दाखविले की नॅलॉक्सोन दिले असता सुईने मिळालेला वेदनाशमनाचा लाभ नाहीसा होतो. हान यांच्या पुढील संशोधनात असेही दिसले की सुईतून सोडलेल्या विद्युत्प्रवाहाची वारंवारता सेकंदाला २ ठेवली तर एक प्रकारची अफूसदृश द्रव्ये स्रवतात आणि १०० ठेवली तर दुसऱ्या प्रकारची. आपल्याकडील लेखन बहुधा येथेच थांबते, आणि नेमके येथेच ते थांबता कामा नये.

कारण १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन व फील्ड्स यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातही दातच होते : अक्कलदाढ काढल्यानंतरची वेदना. रुग्णांना औषध म्हणून प्रत्यक्षात निष्क्रिय द्रव्य दिले गेले. ज्यांना त्याने आराम पडला त्यांना नॅलॉक्सोन दिल्यावर वेदना पुन्हा वाढल्या. म्हणजे निव्वळ विश्वासाने पडणारा आरामही याच रासायनिक मार्गाने जातो. मग १९७७ च्या प्रयोगाचा अर्थ काय उरतो? सुईने वेदना कमी होते व त्यात एंडॉर्फिनचा भाग असतो, एवढाच. तो आराम सुईमुळे, बिंदूमुळे की अपेक्षेमुळे, हे नॅलॉक्सोनला सांगता येत नाही. शिवाय १९८३ मध्ये चॅपमन व त्यांच्या सहकाऱ्यांना नॅलॉक्सोनचा असा परिणाम मिळालाच नाही. ‘एंडॉर्फिन स्रवते’ हे विधान बरोबर असूनही ते ॲक्युपंक्चरची सिद्धता ठरत नाही, ते या कारणाने. वस्तू खरी असली तरी ती कोणत्या दुकानातून आली, हे पावतीवाचून कळत नाही.

याच काळात फ्रान्समध्ये ले बार व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखविले की शरीराच्या एका भागी वेदनादायक उद्दीपन केले असता दुसऱ्या, दूरच्या भागातील वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच दाबले जातात. हे वाचताना आपल्या परिसरातील कितीतरी गोष्टी डोळ्यांपुढे येतात. बिब्बा घालणे, तुंबडी लावणे, डाग देणे. तालमीत पैलवानाच्या दुखऱ्या स्नायूवर वस्तादाने दिलेला अंगठ्याचा असह्य दाब. एक दुखणे दुसऱ्या दुखण्याने दबते हे खेड्यातल्या वैदूला ठाऊक होते. त्याच्यामागे शारीरक्रिया आहे, हेही खरे. पण तापलेल्या लोखंडाने बालकाच्या पोटावर डाग देण्याच्या प्रथेला त्या शारीरक्रियेमुळे आपण शास्त्रीय मान्यता देत नाही, उलट ती थांबविण्यासाठी झटतो. यंत्रणा सापडणे आणि उपचार समर्थनीय ठरणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला सापडले नाही.

खोटी सुई

बिंदूचा आणि विश्वासाचा वाटा वेगळा काढायचा तर रुग्णाला कळू न देता ‘खोटे’ ॲक्युपंक्चर द्यावे लागते. औषधाच्या चाचणीत हे सोपे असते, कारण दोन गोळ्या दिसायला सारख्या करता येतात. सुईचे तसे नाही. काही संशोधकांनी बिंदू सोडून भलत्याच जागी व वरवर सुया टोचल्या. श्ट्राइटबर्गर यांनी १९९८ मध्ये नाटकातल्या खंजिरासारखी सुई सुचविली : टोक बोथट, दाबले की पाते मुठीत सरकते, रुग्णाला टोचल्यासारखे वाटते पण त्वचा भेदली जात नाही.

या पद्धतीने झालेल्या चाचण्यांपैकी जर्मनीतील चाचण्या विस्ताराने पाहण्यासारख्या आहेत, कारण तेथील आरोग्य विमा संस्थांना या उपचाराचे पैसे द्यावेत की नाही हे ठरवायचे होते. प्रश्न पैशाचा असला की आकडे काळजीपूर्वक मोजले जातात. जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरील चाचणीत (हाके व इतर, २००७) खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के, खोट्याने ४४.२ टक्के आणि प्रचलित उपचारांनी २७.४ टक्के रुग्णांना अपेक्षित लाभ झाला. अर्धशिशीच्या ३०२ रुग्णांवरील चाचणीत (लिंडे व इतर, २००५) डोकेदुखीचे दिवस निम्म्याने कमी झालेल्या रुग्णांचे प्रमाण खऱ्या गटात ५१ टक्के, खोट्या गटात ५३ टक्के आणि नुसत्या प्रतीक्षायादीतील गटात १५ टक्के होते.

हे आकडे दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजूने वाचले. समर्थक म्हणाले, प्रचलित उपचारांपेक्षा सुई जवळजवळ दुपटीने गुणकारी. विरोधक म्हणाले, खरी-खोटी सारखीच, म्हणजे सगळा विश्वासाचा खेळ. समर्थकांचे उत्तर असे की खोटी सुईसुद्धा टोचतेच, ती निष्क्रिय कशी म्हणावी? या उत्तरात तथ्य आहे, परंतु त्याची किंमत मोजावी लागते. कोठेही वरवर टोचले तरी तेवढाच गुण येत असेल तर ३६१ बिंदू, त्यांना जोडणाऱ्या वाहिन्या, नाडीपरीक्षा आणि हे सगळे शिकविणारा अभ्यासक्रम यांचे प्रयोजन काय? खोटी सुई परिणामकारक म्हणून तिचे श्रेय घ्यावयाचे आणि बिंदूंची विद्याही अबाधित ठेवावयाची, असा दोन डगरींवर पाय ठेवता येणार नाही.

सर्वांत मोठा हिशेब व्हिकर्स व सहकाऱ्यांचा आहे. त्यांनी २०१२ मध्ये २९ चाचण्यांतील १७,९२२ रुग्णांची मूळ माहिती एकत्र करून तपासली. २०१८ च्या सुधारित आवृत्तीत ३९ चाचण्या व २०,८२७ रुग्ण आहेत. निष्कर्ष असा की जुनाट वेदनेत खरे ॲक्युपंक्चर खोट्यापेक्षा सरस आहे. हा फरक योगायोगाचा नाही, पण लहान आहे. त्यांनीच दिलेले उदाहरण बोलके आहे. १०० पैकी ६० इतकी वेदना असलेला रुग्ण सुईविना ४३ वर येईल, खोट्या सुईने ३५ वर आणि खऱ्या सुईने ३० वर. एकूण उतार ३० अंशांचा. त्यातील १७ आपोआप किंवा इतर उपचारांनी, ८ सुई टोचून घेण्याच्या सगळ्या विधीने, आणि ५ बिंदू व तंत्र यांनी.

रसायनशास्त्राचे अध्यापन करून निवृत्त झालेल्या आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना गुडघेदुखीवर या उपचाराने बरे वाटले. मी हा हिशेब त्यांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, “सर, ते ५ की ८ तुम्ही बघा. माझा जिना चढून होतो.” त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही. रुग्णाचा प्रश्न आणि संशोधकाचा प्रश्न भिन्न असतात. पण त्यांना जिना चढता येतो ही वस्तुस्थिती ‘वाहिनी मोकळी झाली’ या स्पष्टीकरणाची साक्ष म्हणून सादर केली जाते, तेव्हा अध्यापकाने बोलले पाहिजे.

त्या ८ अंशांची उकल कॅपचक व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये केली. आतड्याच्या क्षोभविकाराचे २६२ रुग्ण, आणि सुई सर्वांनाच खोटी. ज्यांना काहीच दिले नाही त्यांपैकी २८ टक्क्यांना पुरेसा आराम वाटला. ज्यांना न बोलता खोट्या सुया लावल्या त्यांपैकी ४४ टक्क्यांना. आणि ज्यांच्याशी आस्थेने, वेळ देऊन बोलत खोट्या सुया लावल्या त्यांपैकी ६२ टक्क्यांना. आपल्या दवाखान्यांतील दोन मिनिटांच्या तपासणीवरही हे आकडे पुरेसे भाष्य करतात.

प्रकाशित संशोधनाकडे कसे पाहावे याचे दोन दाखले येथे देणे अवश्य वाटते. १९९८ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकात असा शोधनिबंध आला की पायाच्या करंगळीजवळील, परंपरेने डोळ्यांशी जोडलेला बिंदू उद्दीपित केला असता मेंदूतील दृष्टिकेंद्र जागे होते. हा निबंध अनेक पुस्तकांत पुरावा म्हणून गेला. बिंदूंच्या अशा वैशिष्ट्याविषयीचा निष्कर्ष आपल्याला आता मान्य नाही असे सांगून २००६ मध्ये तो मागे घेण्यात आला. ही माघार मात्र पुस्तकांपर्यंत पोहोचली नाही. दुसरा दाखला त्याच वर्षीचा. व्हिकर्स यांनी देशवार पाहणी केली असता चीन, जपान, हाँगकाँग व तैवान येथून प्रसिद्ध झालेल्या ॲक्युपंक्चरच्या सर्वच्या सर्व चाचण्या अनुकूल निष्कर्षाच्या होत्या. ज्या परीक्षेत कोणीच अनुत्तीर्ण होत नाही तिच्या प्रश्नपत्रिकेविषयी आपण परीक्षक काय म्हणतो, ते सर्वांना ठाऊक आहे.

अलीकडील संशोधन : जागा महत्त्वाची, पण का?

येथवर वाचून बिंदूचे महत्त्व शून्यच आहे असे वाटेल. गेल्या पंधरा-सोळा वर्षांतील प्राणिप्रयोगांनी मात्र चित्र अधिक गुंतागुंतीचे केले आहे. २०१० मध्ये गोल्डमन, नेदरगार्ड आदींनी उंदराच्या गुडघ्याखालील ‘झूसानली’ बिंदूवर सुई फिरविली असता तेथील ऊतींत ॲडिनोसिनचे प्रमाण सुमारे २४ पट वाढल्याचे दाखविले. ज्या उंदरांत ॲडिनोसिनचे विशिष्ट ग्राही जनुकीय बदलाने काढून टाकले होते त्यांना सुईचा लाभ झाला नाही. प्रयोग नेटका आहे. परंतु ऊतीला इजा झाली की ॲडिनोसिन वाढतेच, आणि उंदराच्या पायाच्या मानाने ती सुई म्हणजे जवळजवळ भाला. माणसाला लावताना हे प्रमाण विसरू नये.

अधिक विचार करावयास लावणारे काम च्यूफू मा यांच्या गटाचे आहे. २०२० मध्ये त्यांनी दाखविले की विद्युत्-सुईचा दाहावरील परिणाम जागा, तीव्रता आणि वेळ यांवर अवलंबून असतो. पोटावरील बिंदूवर तीव्र प्रवाह दाह सुरू होण्यापूर्वी दिला तर दाह घटतो, आणि दाह सुरू झाल्यावर दिला तर वाढतो. २०२१ मध्ये ‘नेचर’मधील निबंधात त्यांनी मागील पायातील ‘झूसानली’वरील सौम्य प्रवाहाने व्हेगस मज्जातंतू व अधिवृक्क ग्रंथी यांचा मार्ग जागा होतो, पोटावर तोच सौम्य प्रवाह दिल्यास होत नाही, आणि याचे कारण एका विशिष्ट प्रकारच्या संवेदी पेशींत आहे हे स्पष्ट केले. त्यांचे तंतू पायाच्या खोल आवरणांत आहेत, पोटाच्या तशा आवरणांत नाहीत. हे तंतू सुईशिवाय, केवळ प्रकाशाने उद्दीपित केले तरी तोच मार्ग जागा झाला.

म्हणजे जागेला महत्त्व आहे. परंतु ते महत्त्व मज्जातंतूंच्या मांडणीतून येते, वाहिन्यांच्या नकाशातून नव्हे. जुन्या वैद्यांनी अनुभवाने काही उपयुक्त जागा हेरल्या असतील, पण त्यांचे कारण त्यांनी सांगितलेले नव्हते. ‘सुई कोठेही टोचा’ म्हणणाऱ्या विरोधकालाही हे संशोधन अडचणीचे आहे आणि ‘ची’ सिद्ध झाली म्हणणाऱ्या समर्थकालाही. वेळ चुकल्यास तीच क्रिया दाह वाढवू शकते, ही गोष्ट तर ‘गुण आला नाही तरी अपाय नाही’ या आवडत्या आश्वासनाला छेद देणारी आहे. अर्थात हे सारे उंदरांत आणि विजेच्या प्रवाहाने घडले आहे. हाताने फिरविलेल्या सुईला आणि माणसाला ते जसेच्या तसे लागू करण्याची घाई कोणी करू नये.

कायदा आणि सिद्धता

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा वाद पुस्तकी राहिलेला नाही. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये ॲक्युपंक्चरसाठी कायदा केला, महाराष्ट्राने २०१५ चा अधिनियम करून परिषद व नोंदणीची तरतूद केली, आणि २०१९ मध्ये केंद्र शासनाने या पद्धतीला मान्यता दिली. नोंदणीचे फायदे उघड आहेत. निर्जंतुक, एकदाच वापरावयाच्या सुया, शरीररचनेचे किमान ज्ञान, आणि छातीवर सुई किती खोल घालू नये याचे भान यांवर रुग्णाचा जीव अवलंबून असू शकतो. प्रशिक्षित हातांत ही पद्धती बरीच सुरक्षित आहे. ब्रिटनमधील २००१ च्या पाहणीत ३४,४०७ उपचारांत एकही गंभीर अपाय नोंदला गेला नाही. पण कोणी सुई टोचावी हे कायदा ठरवितो. कोणत्या रोगावर टोचावी हे ठरविण्याचे त्याला साधन नाही. ‘शासनमान्य’ ही पाटी मात्र रुग्ण दुसऱ्या अर्थाने वाचतो. वेदना आणि मळमळ यांविषयी पुरावा आहे. मनगटाच्या आतील ‘नैग्वान’ बिंदूच्या उद्दीपनाने शस्त्रक्रियेनंतरची मळमळ कमी होते, असे कॉक्रेन आढाव्यात २०१५ पर्यंत ५९ चाचण्यांच्या आधारे आढळले आहे. मधुमेह, वंध्यत्व, बालकांची मतिमंदता यांविषयी त्या तोलाचे काही नसताना पाटीवर ही नावे दिसतात, आणि इन्शुलिन सोडून सुईकडे वळणाऱ्या रुग्णाला त्यातील भेद कोणी समजावून सांगत नाही.

इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेचा अनुभव उद्बोधक आहे. तिने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरची शिफारस केली, २०१६ मध्ये ती मागे घेतली, आणि २०२१ मध्ये जुनाट प्राथमिक वेदनेसाठी पुन्हा शिफारस केली. काहींना ही धरसोड वाटेल. मला ती पुरावा बदलला की मत बदलण्याची तयारी वाटते. आपल्या अधिनियमांत अशा फेरविचारासाठी एखादी मुदत घालण्याची सोय असायला हवी होती.

महाविद्यालयीन स्तरावर काय करता येईल, हा प्रश्न उरतो. कोल्हापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे, विद्यापीठ आहे, आणि संख्याशास्त्र, मानसशास्त्र व प्राणिशास्त्र शिकविणारे विभाग बहुतेक महाविद्यालयांत आहेत. उसाच्या तोडणीत आणि फाउंड्रीत राबणाऱ्या माणसांची कंबरदुखी आपल्या दारातच आहे. तीन गट करावेत : प्रचलित व्यायामोपचार, त्यासोबत बोथट सुई, आणि त्यासोबत खरी सुई. वेदना मोजणाऱ्यास कोण कोणत्या गटात आहे ते ठाऊक नसावे. भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवही २००७ पासून कार्यरत आहे. तीत पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच चाचणीची रचना व मोजावयाची गोष्ट नोंदवावी, म्हणजे निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो दडपता येणार नाही. पाच अंशांचा फरक दिसण्यासाठी प्रत्येक गटात काही शेकडा रुग्ण लागतील. एका महाविद्यालयाला ते झेपणार नाही, चार-पाच महाविद्यालयांना मिळून झेपेल. रुग्णाकडून संमती घेताना ‘तुम्हाला कदाचित न टोचणारी सुई लावली जाईल’ हे त्याला त्याच्या मराठीत कसे सांगावे, हा या आराखड्यातील सर्वांत अवघड भाग आहे, आणि त्यासाठी भाषा विभागातील सहकाऱ्यांची मदत प्रारंभापासूनच घ्यावी लागेल.